मुख्य भूमिकेत कोणी नाही

७ सप्टेंबर, रविवार. सनीव्हेल.
सॅन फ्रान्सिस्कोचं वर्कशॉप संपवून आलो. लिथुआनियाचे दिग्दर्शक, योनास सर. दोन दिवसांत वीस वाक्यं बोलले असतील. पद्धत अशी: मुख्य पात्र स्टेजवर आणायचंच नाही. रिकामी खुर्ची ठेवायची आणि तो माणूस तिथे आहे असं धरून बाकीच्यांनी वावरायचं. शब्द शेवटी, आधी पाणी, लाकूड, बर्फ. मला लगेच समजलं. बाकीचे गोंधळलेले दिसले.
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची एकांकिका अशीच बसवणार. विषय, वडील आणि मुलगा. वडील म्हणजे खुर्ची. ऋताला वाटतं याचा माझ्या वडिलांशी, अण्णांशी संबंध आहे. बायकोला प्रत्येक गोष्टीत संबंध दिसतो. हे निव्वळ फॉर्मचं काम आहे.

१४ सप्टेंबर
पहिली तालीम. चार नट. संवाद दिले नाहीत. बर्फाचा तुकडा हातात धरून चाळीस मिनिटं खुर्चीकडे बघायला सांगितलं. कुमारने विचारलं, फ्लायरवर आपण कॉमेडी छापलंय ना? कार्पेट भिजलं म्हणून हॉलच्या मॅनेजरची ईमेल आली. योनास सरांनाही सुरुवातीला विरोधच झाला असणार.

१८ सप्टेंबर
ऑफिसमधून येताना कारने पुन्हा विचारलं, अण्णांचा न ऐकलेला व्हॉइस मेसेज आहे, लावू का? रोज विचारते. नऊ मार्चचा आहे. दुसऱ्या दिवशी अण्णा गेले. व्हिसाच्या स्टॅम्पिंगच्या भानगडीत पुण्याला जाता आलं नाही, सगळं व्हिडिओवर पाहिलं. मेसेज निवांत ऐकायचा म्हणून ठेवलाय. कारचं सेटिंग बदलणार आहे. वेळ मिळाला की.

२८ सप्टेंबर
कुमार आणि इतर दोघे सोडून गेले. मुलांचं सॉकर. बरंच झालं, कास्ट टाइट झाली. उरला श्रीरंग.
खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली होती. चहा घेऊन आलो तर दाराकडे, म्हणजे माझ्याकडे वळलेली. श्रीरंग म्हणतो त्याने हात लावला नाही. जमिनीला उतार असावा.

५ ऑक्टोबर
जबरदस्त आयडिया सुचली. शेवटी खुर्ची बोलणार! मेसेज प्रयोगातच लावायचा आणि मीही तिथेच पहिल्यांदा ऐकायचा. सर म्हणालेच होते, एक तरी गोष्ट नटाला प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा घडू द्या. म्हणजे इतके महिने मी टाळत नव्हतो, जपून ठेवत होतो. श्रीरंग म्हणाला, आधी एकटा ऐक यार. त्याला पद्धत कळलेली नाही.

११ ऑक्टोबर
श्रीरंगही गेला. मुलाचं काम आता मीच करणार. ते मनात होतंच.
तालीम घरी, डायनिंग टेबलच्या खुर्चीसमोर. अनिका आता त्या बाजूला बसतच नाही. ‘इट्स क्रीपी, बाबा,’ म्हणते. आज जेवताना त्या खुर्चीपुढे पाण्याचा ग्लास ठेवलेला दिसला. ऋताने ठेवला नव्हता. मीच ठेवला असणार. भूमिका अंगात मुरतेय.
पद्मिनीकाकूंनी, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरींनी, मला पंचवीसऐवजी आठ मिनिटं दिली आहेत. जेवणाच्या आधी. लोक भुकेले असतील, म्हणजे एकाग्र असतील.

२५ ऑक्टोबर, शनिवार
प्रयोग झाला.
मी बर्फ धरून पाच मिनिटं उभा राहिलो. तोवर मागे पुरीभाजीची लाइन लागली होती. मग मेसेज लावला. एवढ्या मोठ्या स्पीकरवर अण्णांचा आवाज फार जवळून आला.
‘अरे, या फोनचा टॉर्च कालपासून चालू आहे. बंद कुठून करायचा? तुला मघाशी फोन लावला, उचलला नाहीस. मीटिंगमध्ये असशील. असू दे, काम कर तू. मी बघतो.’
लोक खळखळून हसले. संध्याकाळचा सगळ्यात मोठा लाफ्टर, असं काकू नंतर म्हणाल्या. पुढे माझा संवाद होता. मीच लिहिलेला. आठवला नाही. काकूंनी पडदा पाडला.
घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. पाहायची गरज नव्हती. नऊ मार्चला रविवार होता. मीटिंग वगैरे काही नव्हती. मी सोफ्यावर बसलो होतो, फोन हातातच होता, आणि आता अर्धा तास बोलत बसतील म्हणून मी तो वाजू दिला.