तटाचे टेकू

३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. बढती झाल्याचं वाचून यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, नुसतं बटण लावून घ्यायला आला होता त्यालासुद्धा. गावचा तट संरक्षित स्मारकांच्या यादीत घालणारा साहेब आपला मेहुणा आहे, हे बोलून झाल्याशिवाय यांची कात्री कापडाला लागत नाही.

त्या तटाबद्दलच लिहायचं आहे. आपल्या गल्लीत, बरोबर दुकानासमोर, तट फुगला आहे. आधी वाटलं माझेच डोळे दगा देताहेत. पण परवा वरचा एक चिरा निसटला आणि मी वाळत घातलेल्या चादरीवर येऊन पडला. चादर फाटली, त्याचं काही नाही. पण लेक रोज तिथूनच कॉलेजला जाते. चौकीदाराला सांगितलं तर म्हणाला, वर कळवतो. वर म्हणजे तूच ना? मग मीच कळवते.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, पत्रातूनही दिसू दे.

तुझी ताई

ता. क. मेहुणेबुवा, तुमच्या तटाला माझ्यासारखं पोट सुटलंय. मी आपला सैल सदरे शिवून झाकतो. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. — भावोजी


१४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि भावोजींचा ताजा कलम वाचून ऑफिसात एकटाच हसलो. शिपायाला वाटलं बढती डोक्यात गेली.

काळजी करू नकोस, पाहणीला इंजिनिअर पाठवतो. तोवर तटाला कुणीही हात लावू नका. संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय साधा खिळा ठोकला तरी गुन्हा होतो. त्यात मे महिन्यात परदेशी तज्ज्ञ येताहेत. त्यांच्या मनात भरला तर आपला तट जगाच्या वारसा यादीत जाईल. ज्या तटावर बसून आपण चिंचा खाल्ल्या तो, ताई! मला अजून खरं वाटत नाही.

लेकीला म्हणावं, पलीकडच्या रस्त्यानं जा. तुझा आशीर्वाद असाच राहू दे.

तुझा धाकटा


२० एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

इंजिनिअर आला नाही. वाट बघून शेवटी यांनी सुताराला बोलावलं आणि तटाला चार टेकू दिले. चांगले जाड वासे आहेत. तटाला खिळा नाही, चुना नाही, नुसता खालून आधार. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

काल नोटीस आली. स्मारकाला बेकायदा बांधकाम टेकवलं म्हणून वासे काढा, नाहीतर खटला भरू. हे हसायला लागले, म्हणाले, बांधकाम म्हणे, मला तर खुर्चीही सरळ करता येत नाही. मग त्यांनी खालची सही बघितली आणि हसायचे थांबले. सही तुझी आहे, धाकट्या. तू न वाचता सह्या करतोस, असं मी यांना सांगितलं. तसंच आहे ना?

तुझी ताई

ता. क. सही छान वळणदार झाली आहे. तुमच्या शाळेच्या दिवसांत मीच गिरवून घेतली होती, हे साहेबांनी विसरू नये. — भावोजी


२७ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खोटं लिहिणार नाही. मी नोटीस वाचली होती. घर कुणाचं तेही कळलं होतं. तटाखाली अशी कितीतरी घरं आहेत. कुणी पायऱ्या वाढवल्या, कुणी पत्रे टेकवले. सगळ्यांना नोटिसा दिल्या आणि बहिणीचं घर तेवढं वगळलं, तर कुठल्या तोंडानं त्या खुर्चीत बसू?

एवढं ऐक. पाहुणे येतील तेवढ्यापुरते वासे काढा. ते गेले की मी स्वतः इंजिनिअरला घेऊन येतो आणि सरकारी खर्चानं पक्का आधार देतो. हा माझा शब्द आहे. इतकी वर्षं उभा आहे तट, आणखी आठवडाभर उभा राहील. भावोजींना म्हणावं, रागावू नका. त्यांना समजावणं तुझ्याच हातात आहे.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा धाकटा


१९ मे

ती. मामास, नमस्कार.

तार मिळाली असेल. आई लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे.

बाबांचा वासे काढायला विरोध होता. आई म्हणाली, धाकट्यानं शब्द दिलाय. मग त्यांनी सुताराला परत बोलावलं आणि वासे काढून घराच्या माडीवर टाकले. तुमचे पाहुणे आले. गल्ली त्यांना फार आवडली. एकानं बाबांचा मशीनवर बसलेला फोटो काढला, कोटाचं सुटलेलं बटण लावून घेतलं. पैसे देत होता, बाबांनी घेतले नाहीत. सरकारचे पाहुणे आहेत, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तट पडला. पाऊस नव्हता, वारा नव्हता. मी माडीवर अभ्यास करत होते. आवाज झाला आणि खिडकीतून एकदम खूप उजेड आला, कारण समोर तट उरलाच नव्हता. धूळ खाली बसेपर्यंत काही दिसेना. शेजारच्यांनी हातांनी दगड उपसले. बाबा खाली दुकानात मशीनपाशीच होते.

आईनं कळवायला सांगितलंय की इतक्यात येऊ नका. मला वेगळं काही सांगायचं नाही.

भाची


१२ जून

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. तू येऊ नकोस म्हणालीस, म्हणून आलो नाही. स्टेशनवर दोनदा जाऊन परत आलो.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. खात्यानं चौकशीचा अहवाल तयार केला. त्यात लिहिलं होतं की रहिवाशानं बेकायदा वासे लावले, त्यामुळे पाया हलला आणि तट पडला. म्हणजे भावोजींनीच तट पाडला. माझ्या वरच्या साहेबांनी माझ्यासमोर पेन ठेवलं. म्हणाले, गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार आहे, जगाच्या यादीचं मात्र बिघडेल.

मी सही केली नाही. तट त्या वाशांवर उभा होता आणि ते माझ्या नोटिशीनं, माझ्या शब्दाखातर काढले गेले, असा जबाब दिला. जबाबाची एक प्रत वर्तमानपत्राला दिली. आता निलंबित आहे. खटला बहुधा माझ्यावरच होईल. व्हावा.

हे सांगून तुझ्याकडे काही मागत नाही. माफी मागायचं तोंड नाही. यायला मात्र जीव तुटतो. येऊ का, एवढंच कळव.

धाकटा


४ जुलै

चि. धाकट्यास,

पत्र तेव्हाच मिळालं. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

गल्ली बंद केली आहे. आम्हाला शाळेमागे एक खोली दिली आहे. पडलेल्या प्रत्येक चिऱ्यावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलाय, म्हणजे जो जिथला तो तिथेच परत बसवता येईल. उरलेल्या तटाला खात्यानं टेकू दिले आहेत. यांनी दिले होते अगदी तसेच. दगडांखालून यांचं मशीन निघालं. घ्यायला गेले तर कारकून म्हणाला, स्मारकाच्या हद्दीतली वस्तू आहे, परवानगी लागेल. मी अर्ज केला नाही. मांडीवर हात ठेवून तिथेच बसून राहिले. संध्याकाळी त्यानं मान वळवली आणि शेजारच्यांनी मशीन उचलून आणलं. चाक वाकडं झालंय.

तुझा जबाब वर्तमानपत्रात आला तो लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवला. यांचं नाव साफ राहिलं, त्याचं मला बरं वाटलं. तिला तुझं तोंड पाहायचं नाही. मी तिला भरीला घालणार नाही, तूही घालू नकोस.

तू शब्द दिलास आणि यांना गळ मी घातली. हे आपण दोघांनी मिळून केलं आहे. हे मी तुझ्याखेरीज कुणाला सांगू शकत नाही, आणि तूही माझ्याखेरीज कुणाला सांगू शकणार नाहीस. म्हणून ये. खोली एकच आहे, तुला ओसरीवर झोपावं लागेल.

लोभ किती उरलाय ते मलाच कळत नाही. जो असेल तो तुझा.

ताई