आचारी उठला का?

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर पुन्हा सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, तेव्हा नमस्कार लांबलचक आहे असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठड्याला शिव्या घालतेस का? माझं ठीक चाललंय. आपण बोलत नाही त्याला सात वर्षं होतील, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण अकरा वर्षं दर आठवड्याला चव्वेचाळीस मिनिटं भरून काढणाऱ्या माणसाला थोडक्यात म्हणजे काय ते आठवत नाही.

बातमी अशी की आपली अंतराळमालिका बंद झाली. ('आपली' म्हणतो, कारण पहिलं यान तूच सोडलंस. मला कपड्यांच्या कपाटात कोंडून बाहेरून 'उड्डाण!' असं ओरडायचीस आणि मैत्रिणींकडे खेळायला निघून जायचीस. पुढे लेखक म्हणून, निर्माता म्हणून जे काही केलं, ते सगळं मला त्या कपाटातच सुचलेलं आहे.) वाहिनीच्या साहेबांनी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "लोकांना आता पृथ्वीवरचं बघायचंय हो." मी विचारलं, पृथ्वीवर बघण्यासारखं राहिलंय काय? म्हणाले, "सासू." शेवटचा एक भाग तेवढा पदरात पडला.

तिथून पंचाईत सुरू झाली. तिसऱ्या वर्षी आमच्या यानावरच्या आचाऱ्याचं काम करणारा नट दाढदुखीने आडवा झाला होता. मी आचाऱ्याला चार भागांपुरतं शीतनिद्रेच्या पेटीत झोपवलं. (अंतराळात हे सोपं असतं. पृथ्वीवर रजेचा अर्ज लागतो.) दाढ निघाली, नटाला दुसरीकडे सासऱ्याचं काम मिळालं, आणि मी आचाऱ्याला उठवायचं साफ विसरलो. ती पेटी आठ वर्षं सेटच्या कोपऱ्यात पडून होती. शिंपीमामा तिच्या झाकणावर गणवेशांना इस्त्री करायचे, दिग्दर्शक तिच्यावरच जेवायचा. यान तीनदा जळलं, पाच कॅप्टन बदलले, जुना एक माणूस उरला नाही. आचारी आपला घोरतोय.

आठवण होती ती फक्त एका प्रेक्षकाला. दर महिन्याला न चुकता पोस्टकार्ड यायचं. मायना नाही, सही नाही, मजकूर एकच : आचारी उठला का? आमची लेखकमंडळी कार्डं भिंतीवर टाचायची आणि हसायची. "आचाऱ्याची आई असणार, सर," असं म्हणायची. मीही हसायचो.

म्हटलं, शेवटच्या भागात याला उठवू या. नट आला तो पूर्वीच्या दीडपट होऊन. चौघांनी दाबून झाकण लावलं. धूर सोडला, दिवे लागले, दिग्दर्शक म्हणाला, "उठा!" आणि झाकण उघडेना. आठ वर्षांच्या इस्त्रीने ते पार वाकडं झालं होतं. आतून आवाज यायला लागला, "अहो, मला दमा आहे! दमा!" शेवटी सुतार आला. त्याने शांतपणे करवत पुसली आणि झाकणावर टकटक करून म्हणाला, "एवढी वर्षं थांबलात काका, अजून पाच मिनिटं."

बाहेर आला तो घामाने निथळत. आणि ताई, त्या अवस्थेतही त्याने आपलं वाक्य बरोबर म्हटलं : "सगळे कुठे गेले?" सेटवर कोणी हसलं नाही. साहाय्यकाने हळूच विचारलं, "सर, याला उत्तर कोण देणार?" मी कागद चाळले. उत्तर लिहिलंच नव्हतं.

ते लिहायला घरी येऊन बसलो. काहीच सुचेना. भाऊजी गेले तेव्हाचं आठवत राहिलं. मी दुपारच्या गाडीने आलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो, कारण दुसऱ्या दिवशी एका ग्रहाचा स्फोट होता. तू दारातून म्हणालीस, "जा बाबा, तुझा ग्रह खोळंबलाय." त्यानंतर बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सेटवरची वीज गेली आणि स्फोट झालाच नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं.

उत्तर मी लिहिलंच नाही. आचारी रिकाम्या यानातून चालत स्वयंपाकघरात जातो, दोन ताटल्या पुसून मांडतो आणि बसतो. संपलं. दिग्दर्शकाने विचारलं, "दुसरी ताटली कोणाची?" म्हटलं, "बघू, कोण येतंय ते."

रविवारी संध्याकाळी सातला लागेल. वेळ असला तर बघ. गुडघ्यांना जप.

तुझा,
कपाटातला

ता. क. माझ्याकडे टीव्ही आहे. (निर्मात्याकडे असावा लागतो.) पण समोर खुर्ची एकच आहे. तुझ्याकडे येऊन बघितला तर चालेल का? गाडी चारला पोचते. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

ता. क. दुसरा. पेन्सिलीने ओळी आखून, त्यांवर शाईने लिहून, मग त्या ओळी खोडरबराने पुसणारं माणूस मला जगात एकच माहीत आहे. पहिल्याच कार्डाला ओळखलं होतं. मी विसरलो होतो ते त्या कार्डापर्यंतच. त्याच आठवड्यात आचाऱ्याला उठवायचा प्रसंग लिहिला आणि खणात ठेवून दिला. तो उठला असता, तर पुढच्या महिन्यात तू काय विचारलं असतंस?

आता उठलाय. या महिन्याचं कार्ड अजून यायचंय. नुसतं 'ये' लिहिलंस तरी एक ओळ आखावी लागेलच. तेवढी तसदी घे.