तेराव्यानंतरचा रजेचा अर्ज

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. शाळा आता तुमच्या नावानं इंग्रजीचं बक्षीस ठेवतेय, आणि बक्षीस समारंभाच्या पत्रिकेसाठी तुमच्याविषयी चार ओळी इंग्रजीत मी लिहाव्यात असं आमच्या वर्गानं ठरवलंय. हिंजवडीत दिवसभर साहेबांना इंग्रजी मेल पाठवते ना मी! म्हणजे आयती संधीच चालून आली आहे.

नववीत तुम्ही मरणाचे पाच इंग्रजी वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिले होते. सगळ्यांत वर 'किक्ड द बकेट'. "नुसतं 'डाइड' लिहिणारा गावंढळ. वाक्प्रचार वापरा, मार्क घ्या," एवढंच म्हणालात. हे सगळे थट्टेतले शब्द, दुखवट्यात चालत नाहीत, हे सांगायला तुमची जीभ झिजली असती का? मी पाचही पाठ केले. त्याच महिन्यात बाबा गेले. विदर्भातून येऊन हडपसरच्या कारखान्यात राबणारा माणूस, छातीत कळ आली आणि संपला. तेरावं झाल्यावर मी रजेचा अर्ज लिहायला बसते. बाबांसाठी साधा शब्द वापरायचा नाही, असं मनाशी ठरवलेलं. आई शेजारी बसून विचारते, "चांगल्या शब्दात लिवलं ना वं?" मी हो म्हणते. मग ती एकेक अक्षर जुळवत सही करते.

'माय फादर किक्ड द बकेट' हे मराठीत 'माझे वडील गचकले' असं लिहिल्यासारखं होतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं, साठ मुलांसमोर. तुम्ही अर्ज मोठ्यानं वाचलात आणि चष्म्यावरून बघत म्हणालात, "वडिलांनी बादलीला लाथ मारली म्हणे. बादली शाबूत आहे का, ते आपल्या मातोश्रींना विचारून या." वर्ग खो-खो हसला. मला तुमचा राग आला, अजून येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. शेजारणीला म्हटलं, "आमचे सर गचकले." ती दचकली. मला फार बरं वाटलं.

चार ओळी लिहून झाल्यात, सर. तुमचे पाचही वाक्प्रचार त्यात बसवलेत, बादली सगळ्यांत वर. पत्रिका छापली की तुमच्या घरचे पहिल्या रांगेत बसून वाचतील, आणि माझी आई जशी निर्धास्तपणे सही करून मोकळी झाली तशी तुमची बायको ती पत्रिका जपून ठेवील. इथवर येऊन बोट थांबतं. त्यांना इंग्रजी येतं की नाही, मला माहीत नाही.

म्हणून मजकूर अजून पाठवलेला नाही, आणि हे पत्र तर कुठे पाठवणार? पण एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. त्या दिवशी वर्ग हसला, तेव्हा आईची सही तुमच्या हातात होती, आणि मीही हसले होते.