सातूच्या पिठावरचा पंजा

प्रिय आकांक्षा,

फोन हाताशी असताना आईनं पत्र का लिहिलं, म्हणून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. सगळे बरे आहेत. कापसाची तिसरी वेचणी चालू आहे. भागवत सकाळीच बाया घेऊन रानात गेला आणि शालू धुणं घेऊन हौदावर बसली आहे. ती परत येईपर्यंत हे लिहून संपवायचं आहे, कारण यातलं बरंचसं तुझ्या या वहिनीबद्दल आहे.

दिवाळी झाल्यावर मी गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून सातूचं पीठ दळून आणलं. तुझ्या लेकीला गूळ-दूध घालून आवडतं म्हणून मोठा डबा भरून ठेवला. तुला मच्छिंद्रच्या जीपनं एक पुडकं पाठवलं आणि बाकीचं ठेवून दिलं. आठ दिवसांनी झाकण उघडलं तर पीठ दोन बोटं खाली गेलेलं. आमच्यात ते कोणी खात नाही, तुला माहीत आहे. भागवतला त्याचा वासही नको असतो.

मग मी माझी जुनी युक्ती काढली. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना वाटायच्या सुकडीच्या पिठावर पंजा उमटवून मी कुलूप लावायची. दुसऱ्या दिवशी पंजा मोडलेला दिसला की समजायचं, कोणाचा तरी हात आत गेला. तशीच इथंही सगळी बोटं दाबून ठेवली. पेटीच्या झाकणात सापडून वाकडी झालेली माझी करंगळी पिठात सुद्धा वाकडी उमटते, त्यामुळे दुसऱ्याचा हात लगेच ओळखू येतो.

चार दिवसांनी पाहिलं. पीठ आणखी उतरलं होतं, पण पंजा मात्र जसाच्या तसा होता, करंगळीसकट. तू म्हणशील, इथंच आईच्या लक्षात यायला हवं होतं. माझ्या लक्षात एवढंच आलं, की शालूनं माझ्या पंजाची नक्कल करायला शिकून घेतलं आहे.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ती झाडता झाडता डब्याच्या फळीजवळ थांबली की मी भाजी निवडायचं सोडून तिच्याकडे बघायची. मी घरात शिरले की तिचं फोनवरचं बोलणं हळू व्हायचं. शहागडला माहेरी निघाली तेव्हा तिची पिशवी मी सहज म्हणून उचलून पाहिली. जड लागली. आत एक गोधडी निघाली, तीही मीच तिच्या आईला द्यायला सांगितलेली. तरी मनाला वाटलं, गोधडीच्या घडीत काय काय मावतं. शालू माझ्या सख्ख्या भावाची पोरगी, मीच हट्टानं भागवतसाठी सून करून आणलेली. म्हणून तर जास्त लागत होतं. परकी असती तर बोलून मोकळी झाले असते.

शेवटी बोललेच. वेचणीच्या बाया दारात चहा पीत होत्या आणि मी म्हणाले, आमच्या घरात आता डबेसुद्धा डोळ्यांत तेल घालून राखावे लागतात. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शालू आत गेली, डबा आणून सगळ्यांसमोर ठेवला आणि भागवतला म्हणाली, "आईला म्हणा, माझा हात बघा." तिनं पिठावर हात दाबला. लहानसा पंजा, सरळ बोटं, करंगळी काडीसारखी. माझ्या पंजाशेजारी तो असा दिसत होता की आंधळ्यालाही फरक कळला असता. भागवत म्हणाला, "आता झालं का समाधान?"  मी मनात म्हटलं, मुद्दाम सरळ ठेवली असेल.

त्या दिवसापासून शालूनं त्या फळीला हात लावायचा सोडला. मीठ लागलं तरी मला हाक मारायची, "आत्या, जरा काढून द्या." आवाजात राग नव्हता. तेच मला खटकत होतं.

मग गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू हसत म्हणालीस, "आई, पुरे कर आता. पाच पुडकी झाली. इथं जालन्यात मस्तगडात सातूच्या पिठाचं दुकान टाकू का?" मीही हसले. तू पुढं काय काय सांगितलंस ते मला आठवत नाही, कारण मी पाच या आकड्यावरच अडकून राहिले होते. मी एकच पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रची जीप जालन्याला निघायच्या वेळी मी चौकात गेले आणि त्याला विचारलं, आकांक्षाला जाणारी पुडकी तुझ्याजवळ कोण देतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काकू, मजाक करून राह्यल्या का? तुम्हीच तर दर आठवड्याला आणून देता. मागल्या खेपेला तर ‘पोरीला पहिल्यांदाच पाठवून राह्यले’ म्हणाल्या, मंग मी बी काही बोललो न्हाई."

घरी येऊन मी डब्यापुढं बसले. मी काढलं, मी बांधलं, वर परत पंजा उमटवला, आणि विसरले. शालू कणीक मळत होती. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "दोनदा पाह्यलं व्हतं, आत्या. पण चारचौघींत तुमच्या तोंडावर कसं म्हणू?" मला तिच्यासमोर नीट रडताही आलं नाही. भाकरी थापायला तिच्या बाजूला जाऊन बसले, एवढंच केलं.

आकांक्षा, तू मला परतूरच्या नाहीतर जालन्याच्या डॉक्टरकडे नेशील, मी येईन. पण हे पत्र त्यासाठी नाही. आज मला सगळं बरोबर आठवतंय, म्हणून आजच लिहून ठेवते आहे. एखाद्या दिवशी मी तुला फोन करीन आणि म्हणेन, शालू चोरी करते, शालू मला जेवायला देत नाही. अगदी खरं वाटेल असं सांगेन, आणि मला ते खरंच वाटत असेल. तेव्हा तू माझी पोरगी म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. हे पत्र काढ आणि मलाच वाचून दाखव. मी म्हणेन, हे मी लिहिलंच नाही. म्हणून खाली कागदावर हात ठेवून पेनानं भोवती रेघ ओढली आहे. माझा हात त्याच्यावर ठेवून बघ. करंगळी बरोबर बसेल.

तुझीच,
आई
(नंदाबाई)