उघड्या फाटकाची माफी मी मागणार नाही

टूरागाल, मंगळवार

चि. डल्सीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (थोरली बहीण म्हणजे मी, हेस्टर. नाव सांगून ठेवलेलं बरं, कारण माझ्या वाढदिवसाचं भेटकार्ड यंदा तू कोणत्या बाईला पाठवलंस ते अजून उलगडलेलं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही जागेवर आहेत, बोलतात मात्र फार. पत्र नेहमीसारखं सूनबाई मॅव्हिस लिहिते आहे. बाबांच्या मागे गुरं हाकता हाकता अक्षरं काही माझ्या वाटेला आली नाहीत, तेव्हा यात कुठे सभ्य शब्द सापडला तर तो तिचा समज.

मी सिनेमा बंद पाडला हे तुझ्या अ‍ॅडलेडपर्यंत पोचलं असेलच. खरं काय ते ऐक. गेल्या उन्हाळ्यात सिडनीहून तो ज्युलियन नावाचा पोरगेला दिग्दर्शक आला होता ना, त्याने आमच्याच माळावर काढलेला सिनेमा शनिवारी आम्हाला हॉलमध्ये दाखवला. अख्खं गाव आंघोळ करून आलं होतं. गोष्ट अशी, की एक शाळामास्तरीण माळावर नाहीशी होते आणि तिला शोधायला शहरातून गुप्तहेर येतो. येतो म्हणजे येऊन क्षितिजाकडे बघत बसतो. मागे कोणीतरी बासरी वाजवतं. आम्हीही क्षितिजाकडे बघतो गं, पण ढग आहे का बघतो, नसला की घरात येऊन चहा टाकतो. हा आपला बघतोच आहे! खाटीक बर्टने तर मोठ्यांदा विचारलं, “याला पगार रोजावर आहे का रे?” तरी लोक घाबरले होते, खोटं कशाला बोलू. मास्तरणीचा एकच बूट सापडला तेव्हा मॅव्हिसने माझा दंड धरला. (ती म्हणते मीच तिचा धरला. लिहिणारी ती असली तरी सांगणारी मी आहे.)

आणि मग त्या मेल्या गुप्तहेराने गाडीतून उतरून मेंढ्यांच्या कुरणाचं फाटक उघडलं, गाडी आत घातली आणि निघून गेला. फाटक सताड उघडं! डल्सी, आपल्याकडे चालायला लागलेलं पोरदेखील फाटक जसं सापडलं तसं ठेवून जातं. हॉलमध्ये एकच आरडाओरडा झाला, “अरे फाटक! फाटक लाव!” तिथून पुढे मास्तरीण गेली वाऱ्यावर. पडद्यावर पाद्री रडतो आहे, कुरणाचा मालक बंदूक पुसतो आहे, आणि आमचं गाव मेंढे मेंढ्यांत मिसळले असतील का याची चर्चा करतं आहे. क्लॅरी हॉलचा अध्यक्ष, पण तोही खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. ज्युलियन पुढे आला, हात जोडायचेच काय ते बाकी. म्हणाला, “कृपा करून समजून घ्या, ते फाटक म्हणजे त्याचं मन आहे.” मी म्हटलं, “मग बाळा, मन तरी लावायला सांग त्याला!”

एवढं बोलून गप्प बसणार होते. पण गुप्तहेर परत त्याच फाटकातून बाहेर आला आणि परत तसाच गेला. मग मात्र मी काठी घेऊन उठले आणि सिनेमाच्या यंत्राच्या उजेडात जाऊन उभी राहिले. फाटकावर माझी एवढी मोठी सावली पडली, की लोक म्हणाले अख्ख्या सिनेमात फाटक झाकलं गेलं ते तेवढ्यापुरतंच. ज्युलियनने यंत्र बंद केलं, शेवटचं रीळ डब्यात घातलं आणि जाहीर केलं, की आजीबाईंनी माफी मागितल्याशिवाय ते रीळ दिसणार नाही. शनिवारपर्यंत तो खानावळीत मुक्काम ठोकून आहे.

झालं. मास्तरणीचं काय झालं हे गावात कोणालाच माहीत नाही आणि दोष माझा! बर्ट मला नुसती हाडं बांधून देतो. क्लॅरी रोज टोपी हातात घेऊन दारात, “हेस्टर काकू, एक शब्द बोला, मला झोप नाही.” मी विचारलं, “शनिवारी ओरडलास ते कोणाच्या तोंडाने?” फाटक उघडं टाकणाऱ्याने माफी मागावी, लावा म्हणणाऱ्याने नव्हे. असल्या रटाळ सिनेमाचा शेवट कळला काय न कळला काय, मला काडीचा फरक पडत नाही.

तुझी,
हेस्टर

ता.क. तो सिनेमा तुमच्या अ‍ॅडलेडात लागलाय असं ऐकते. पत्र हातात पडताच जाऊन बघ. मीही झोपलेली नाही.

ता.क. दुसरा. फोन करू नकोस, आमच्या सामाईक तारेवर सगळा माळ कान लावून असतो. पत्रही नको, टपालवाली ग्लेनिस पाकीट उजेडाला धरते (हे मी बसवाल्याच्या हाती देते आहे). खाऊ पाठव. मास्तरणीला पाद्र्याने मारलं असेल तर फळांचा केक. कुरणाच्या मालकाने मारलं असेल तर काकडीचं लोणचं. मास्तरीण आपण होऊन पळाली असेल तर लिंबाचा मुरंबा, आणि तिचं भलं होवो. गुप्तहेर स्वतःच खुनी निघाला तर धुरावलेला मासा, चांगला मोठा. (फाटक उघडं टाकणारा काहीही करेल, म्हणून मॅव्हिसने ताटली आत्ताच घासून ठेवली आहे.) गुरुवारच्या बसने पाठव, आणि मायेपोटी सगळंच भरू नकोस. एकच पाठव, नाहीतर मी चौघांनाही फासावर चढवीन.