पुलाचा रंग

ता. १८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

छपरावरून येणाऱ्या पाण्याने तुझी टाकी तोंडोतोंड भरली. तू बजावल्याप्रमाणे पहिल्या सरीचं पाणी सोडून दिलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, नळ कोरडे पडलेत आणि ही बाई आभाळातलं पाणी गटारात ओतते आहे. आता तीच बादली घेऊन दारात येते. तिला धुण्यापुरतं देते. पिण्याचं मात्र ठकीसाठी राखलेलं.

छपराला तू पुलाचा तांबडा रंग दिलास, तेव्हा मी तुला हसले होते. जन्मभर पूल रंगवलेस, आता निवृत्त झाल्यावर बहिणीचं डोकं रंगवायला निघालास. पण गंजाचा कणही पाण्यात येत नाही, हे कबूल.

लेक सकाळीच गिरणीत कामाला जाते, तिची ठकी दिवसभर माझ्या शिवणयंत्रापाशी. तिची दुधाची भुकटी टाकीच्याच पाण्यात कालवते. पत्र्यावर पाऊस वाजला की ठकी बोट वर करून 'पा' म्हणते. पहिला शब्द, तोही पाण्याचा. मामाआजोबांवर गेली म्हणायची.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो टाकीसारखा भरलेला राहू दे.

तुझी,
बारकी


ता. २ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव सुखावला. वहिनी म्हणते, स्वतःच्या घराला कधी ब्रश लावला नाही आणि बहिणीचं छप्पर कसं झळकतंय. खरंच आहे. निरोपाच्या दिवशी मुकादमाने ते डबे दिले होते. बाजारात शोधून मिळायचा नाही असा रंग. चांगल्या कामासाठी जपून ठेवला होता.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. मनगट हल्ली वर उचलवत नाही. वय झालं, दुसरं काय.

ठकीचं पाणी चांगलं खळखळून उकळत जा. तान्हं पोट आहे, तिथे आळस नको. तिला माझा पापा, आणि तुला नेहमीची टपली.

दादा


ता. ९ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न.

ठकीला बरं नाही. पोट आवळून रडते, शौचाला होत नाही, चेहरा पांढराफटक पडला आहे. डॉक्टर म्हणतात दात येताहेत, शक्तीचं औषध दिलं आहे. 'पा' म्हणणंही थांबलं. रुसली असेल, अशी मी माझीच समजूत घालते.

लेकीला नळाच्या पाण्याचा संशय आहे. म्हणून नळाचा थेंबही तिच्या तोंडाला लागू देत नाही. टाकीचं पाणी आटून निम्मं होईस्तोवर उकळते. याहून जास्त काय करू, सुचत नाही. तुझी टाकी आहे म्हणून धीर आहे.

पत्र लवकर टाक. लोभ आहेच.

बारकी


ता. १७ ऑगस्ट

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आहे आणि वहिनी लिहिते आहे. तार मिळाली असेलच. टाकीचं पाणी ठकीला देऊ नकोस, तूही पिऊ नकोस, शेजारणीलाही सांग.

मनगट दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांनी आधी माझा धंदा विचारला, मग रंग कोणता ते विचारलं. म्हणाले, त्या रंगात शिसं असतं, ते तुमच्या अंगात भिनलं आहे. घरात कुठे लावलात का, असं विचारल्यावर मला हसूच आलं. माझ्या घराला नाही, म्हणालो. आणि म्हणतानाच तुझं छप्पर आठवलं, तिथूनच तारघर गाठलं.

उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. आणि उकळायला मीच सांगितलं. ठकीला मोठ्या इस्पितळात ने, रक्तातलं शिसं तपासा म्हणून सांग. मी येतो, दातांनी का होईना, छप्पर खरवडून काढतो. तुझा राग असेल तर तसं लिही, पण लिही.

दादा


ता. २४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

कालच ठकीला घरी आणलं. रक्तातलं शिसं उतरतं आहे. डोक्यात जे बिघडलं ते कितपत सुधारेल, हे डॉक्टर सांगत नाहीत. आम्हीही विचारायचं सोडून दिलं. लेकीने एकदाच विचारलं, रंग कुणी दिला होता. मी सांगितलं. तेव्हापासून तुझं नाव घरात निघत नाही.

खरवडायला येऊ नकोस, त्याची धूळही विषारीच. माणसं लावून पत्रे उतरवणार आहोत. तोवर टाकीची नळी काढून टाकली आहे. पाणी रस्त्यावर वाहून जातं आणि मी नळाच्या रांगेत उभी असते.

राग आहे का, विचारलंस. आहे. पण रंग कालवताना तू शिट्टी वाजवत होतास, ती आठवली की रागसुद्धा धड धरता येत नाही. आणि उकळणारा हात तर माझाच होता.

आज दुपारी जोराचा पाऊस झाला. पत्रा खूप वेळ वाजत होता. मी शिवण थांबवून ठकीकडे बघत बसले. तिने मान वर केली नाही.

मनगटाचं औषध चुकवू नकोस. लोभ ठेव. मीही ठेवायचा प्रयत्न करते आहे.

बारकी