शेवंतीचा खोकला

३ मार्च
धाकट्या दत्त्याचा फोन. घोडी खोकतीय, कडब्याला तोंड लावंना. कवापासून? तर "झाले की चार-सा दिस." आन् मला आज सांगतोय. वर म्हनतो, "दादा, तू भिवंडीत बसून काय करनार?" समोर असता तर...
शिंगरू होती तवापासून शेवंतीला मी वाढवली. दत्त्यानं न्हाई.

४ मार्च
बापाला, अण्णांना, फोन. जनावराचा डॉक्टर सुई मारून गेला, फरक न्हाई. बाजाराच्या दिवसापर्यंत खायला लागली तर ठीक, न्हाईतर व्यापारी येऊन घेऊन जाणार. वडवणीत त्याला शब्द बी देऊन आले. मला न विचारता. ठरलं काय होतं? लगीनसराईत मी गोडाऊन सोडून यायचं, वरातीत शेवंतीचा लगाम मीच धरायचा. तेवढ्यावर तर हे खोके उचलतोय. घोडीच गेली तर मग खोकेच.
सुट्टी मागितली. सुपरवायझर हसला. पोरं दिवसभर खिंकाळून दाखवत होती. एकाची कॉलर धरली.

५ मार्च
सापडलं वाटलं. निवडणुकीच्या मिरवणुकीत दत्त्यानं शेवंतीला नाचवायला नेलती. वरून जेसीबीनं गुलाल. लई शिव्या दिल्या. दोघांची माय एकच म्हणून तेवढी शिवी राहिली. त्यानं ऐकून घेतलं. म्हनला नाक धुतलं, एक-दोन दिवस खोकली, मग थांबली, खात बी होती. पुन्हा सुरू झालं.
मग कडबा. व्हिडिओवर पेंडी झटकायला लावली. बुरशी न्हाई, धूळ न्हाई. ताप न्हाई, नाक कोरडं. मग कावून खोकती?
एक कळलं. सकाळी थोडं खाती. दिवस बुडाला की खोकला.

६ मार्च
दत्त्याला म्हनलो, संध्याकाळी फोन गव्हाणीवर टेकव, चालूच ठेव. इथं आत फोन न्यायला बंदी. चोरून नेला, संडासात उभा राहून बघितलं.
माय आली. फावड्यावर निखारे. दार लावलं, झरोक्यात पोतं कोंबलं. मीठ-मोहरी आन् मूठभर मिरच्या घोडीवरून ओवाळल्या, निखाऱ्यावर टाकल्या. काही दिसंना. नुसता खोकला, दावं ओढल्याचा आवाज.
"माय, दार उघड आदी!"
शेजारच्या संडासातला हसला.
बाहेर येऊन मायनं फोन घेतला. मिरवणुकीत अख्ख्या गावाची नजर लागली म्हणती. "आन् तू बी तिचा नाच फोनवर दुनियेला दाखीवतो." पहिल्या दिवशी मिरच्या जाळल्या तर कुणालाच ठसका आला न्हाई. म्हणजे नजर जबर. मी म्हनलो, दार सताड उघडं आसंल, धूर गेला आसंल. "म्हणून तर आता रोज लावून घेते." बरं, आता ठसका येतोय ना, मग उतरली की नजर? माय म्हनली, "उतरली तर खात कावून न्हाई मग?"
फोन भिंतीवर आपटावा वाटला. पण शेवंती त्यातच दिसती.

७ मार्च
दत्त्यानं झरोक्यातलं पोतं काढलं, घोडी बाहेर लिंबाखाली बांधली. मिरच्यांचा डबा लपवला. माय माझ्याशी बोलंना. अण्णा म्हनले, धुराचं असंल न्हाईतर नसंल, शब्द दिलाय. मी म्हनलो व्यापाऱ्यानं दाव्याला हात लावू दे, मग बघतो.
"कुठनं बघशील?" एवढंच. आवाज बी चढवला न्हाई. लई लागलं.

८ मार्च
उद्या बाजार. दत्त्याला म्हनलो, दाखवू नको, फोन नुसता तिच्या तोंडाशी धर. कडबा मोडल्याचा आवाज आला. कर कर. थांबला. परत कर कर. मग एक खोकला.
"कोण खोकलं बे?"
"अण्णा हायेत हितं. दुपारपासनं बसलेत घोडीपाशी."
"अण्णा खोकले का शेवंती?"
मागून अण्णाच म्हनले, "सांग त्याला, सकाळी गव्हाण बघून ठरवू."
बॅग भरलीय. सुपरवायझरला अजून सांगितलं न्हाई.